खारफुटीखालचा गाळ तपासताना

तिवर आणि कांदळ ही खारफुटीची झाडे जड धातू पानांत फारसे चढू देत नाहीत. बराचसा भाग मुळांत आणि भोवतालच्या गाळात अडकतो. म्हणून गोव्यात मांडवी-जुवारी नद्यांच्या काठी धातू शोधायचे तर पाने नव्हे, गाळ तपासा. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात जायचे तर वनखात्याची परवानगी आधी घ्या.

गाळ काढायची पीव्हीसी नळी १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून (हातमोजे घालूनच) ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा. लोखंडी फावडे नकोच, त्याचाच धातू नमुन्यात उतरतो. पूर्ण ओहोटीला, चिखलातून वर आलेली श्वासमुळे न तुडवता, नळी ३० सेंटिमीटर सरळ दाबा. वरचे तोंड बुचाने बंद करून मगच उपसा, नाहीतर गाळ सुळकन निसटतो.

उपसलेल्या गाळात वर तपकिरी आणि खाली काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा थर दिसेल. खरा राखणदार तोच! तिथे प्राणवायू नसल्याने सल्फाइड बनते आणि शिसे, जस्त, कॅडमियम त्याला घट्ट बांधले जातात. हवा लागली की ही गाठ सुटू लागते. खारफुटी तोडून चिखल उपसणे घातक ठरते ते यामुळेच. दर ५ सेंटिमीटरचा तुकडा लगेच प्लास्टिक पिशवीत भरा, हवा दाबून काढा, बर्फात ठेवा. पारा मोजायचा असेल तर नमुना सुकवायला भट्टीत तापवू नका, तो उडून जातो.