भागीदाराशी बिनसलंय? निदान या चुका टाळा

"फर्मची नोंदणी केलीय का?" असं विचारलं की हमखास उत्तर येतं, "नोटरी केलीय की!" नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, नोंदणी रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे होते, हे सांगून आता कंटाळा आलाय. नोंदणी सक्तीची नाही, म्हणून माणसं ती लांबवतात. पण १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ६९ वाचा. नोंदणी नसेल तर फर्मला करारावरून बाहेरच्या देणेकऱ्यावर दावा लावता येत नाही, आणि भागीदाराला भागीदारीपत्रावरून दुसऱ्या भागीदारावरही नाही.

दोन साडूंचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. एका गिऱ्हाइकाकडे मोठी रक्कम अडकली होती. दावा लावला, तर समोरच्या वकिलाने पहिल्याच उत्तरात कलम ६९ पुढे केलं. मग धावतपळत नोंदणी केली. उपयोग शून्य, कारण नोंदणी दावा लावण्याआधीची लागते. तो दावा मागे घेऊन नवा लावायचा, तर तीन वर्षांची मुदत उलटलेली. पैसे बुडाले आणि साडू एकमेकांवर उलटले. "तुलाच सांगितलं होतं ना!" एकाने शेडला कुलूप लावलं, दुसऱ्याने वह्या घरी नेल्या. फर्म विसर्जित करून हिशेब मागायचा दावा तेवढा उरला. १९८४ च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात तोही रस्ता बंद केला होता; सर्वोच्च न्यायालयाने ती २००९ मध्ये रद्द केली म्हणून बरं. मी तर नोंदणीचा दाखला हातात आल्याशिवाय पहिलं बिलही फाडू देत नाही. "आधी धंदा तर सुरू होऊ दे" म्हणणारे उतावळे दुसरीकडे जातात. जाऊ देत.

दुसरी चूक, व्हॉट्सअॅपवर "मी आजपासून भागीदारीत नाही" लिहून मोकळं होणं. निवृत्तीची जाहीर नोटीस निघेपर्यंत, तुम्ही भागीदार आहात असं समजून व्यवहार करणाऱ्यांची देणी तुमच्याही गळ्यात येऊ शकतात. नोंदणीकृत फर्म असेल तर रजिस्ट्रारला कळवणं, राजपत्र आणि तिथल्या भाषेतलं वर्तमानपत्र, असं तिन्ही लागतं. दिवाळं काढणारी देणी बहुतेक या मधल्या काळातलीच असतात.

रागाच्या भरात "फर्म मोडली" अशी लेखी नोटीस पाठवू नका. भागीदारीपत्रात मुदत किंवा शेवट कसा करायचा ते ठरलेलं नसेल, तर सगळ्या भागीदारांना दिलेल्या त्या नोटिशीने फर्म खरंच मोडते. धमकी म्हणून पाठवलेली नोटीस नंतर गिळता येत नाही.

भागीदारीपत्रात पगार लिहिला नसेल तर राबणाऱ्याला पगार मागता येत नाही. नफ्याचं प्रमाण ठरलं नसेल तर वाटणी सारखी, भांडवल कुणाचंही जास्त असो.

वह्या बघायचा हक्क प्रत्येक भागीदाराला आहे, तेव्हा कुलूप फोडण्याआधी तो लेखी मागा.

दिवाणी भांडणात दबावासाठी पोलिसांत धाव घेणारे मला अजिबात आवडत नाहीत. तक्रार टिकत नाही आणि तडजोडीचं दार मात्र बंद होतं.

फर्म विसर्जित झाल्यावर हिशेबाच्या दाव्याला तीनच वर्षं मिळतात. "घरातलंच आहे, बसून मिटवू" म्हणत ती निघून जातात.

आणि कर्जाला वैयक्तिक जामीन दिला असेल, तर निवृत्तीच्या जाहिरातीने बँक तुम्हाला सोडत नाही. जामिनातून मुक्त केल्याचं बँकेचं पत्र हातात पडेपर्यंत निवृत्तीपत्रावर सही करू नका.