दिनविशेषाचा फळा: तारीख चुकू नये म्हणून काय करावं

दिनविशेषात सगळ्यात जास्त चुका तारखेच्या होतात. वर्ष बरोबर असतं, घटनाही खरी असते, पण ती त्या दिवशी घडलेलीच नसते. म्हणून नोंदी जमवण्याआधी वही नीट आखून घ्या. ३६६ पानं, एका दिवसाला एक. पानावर पाच रकाने: वर्ष, घटना, ठिकाण, कालगणना आणि तारीख कुठून घेतली ते. कालगणनेचा रकाना बहुतेक वह्यांत नसतो, आणि नेमका तोच पुढे उपयोगी पडतो.

उदाहरणाला १ मेचं पान घेऊ. १९६० : महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्यं अस्तित्वात आली. १८९७ : स्वामी विवेकानंदांनी कलकत्त्यात रामकृष्ण मिशनची स्थापना केली. १९१९ : मन्ना डे यांचा जन्म. १९३१ : न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचं उद्घाटन. या नोंदी सरळ आहेत.

आता अवघड नोंदी. ‘१ मे १८८६, शिकागोत बॉम्बस्फोट’ असं सर्रास लिहिलं जातं. त्या दिवशी अमेरिकेत आठ तासांच्या कामासाठी संप सुरू झाला. हेमार्केट चौकातला बॉम्ब ४ मेचा. तेव्हा १ मेच्या पानावर संप लिहा, स्फोट ४ मेकडे न्या. ‘पेनी ब्लॅक’ या पहिल्या टपाल तिकिटाचंही तसंच. ते १ मे १८४० रोजी विक्रीला आलं, वापर मात्र ६ मेपासून अधिकृत झाला. ‘विक्री सुरू’ लिहिलं तर बरोबर, ‘वापर सुरू’ लिहिलं तर चूक. क्रियापद जपून निवडा.

घडल्याचा दिवस आणि कळल्याचा दिवस यांतही गल्लत होते. हिटलर मेला ३० एप्रिल १९४५ रोजी, जर्मन रेडिओनं ते सांगितलं १ मेला. जुन्या वर्तमानपत्रातून नोंद घेताना अंकावरची तारीख उचलू नका. बातमीत ‘काल’ असेल तर एक दिवस मागे जा. बातमीत वार असेल तर तोही ताडून पाहा (१ मे १९६० ला रविवार होता). परदेशातल्या घटनेला तिथली स्थानिक तारीखच लावा: ओसामा बिन लादेन मारला गेला तेव्हा वॉशिंग्टनमध्ये १ मे २०११ होता, पण अबोटाबादेत २ मे उजाडला होता. ही नोंद २ मेची.

कालगणनेचा रकाना इथे कामाला येतो. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचं एकीकरण १ मे १७०७ चं, पण ते ज्युलियन, म्हणजे जुन्या युरोपीय पंचांगानं. आजच्या ग्रेगरियन पंचांगानं तो १२ मे. दोन्ही पंचांगांतला फरक १५८२ पासून, म्हणजे ग्रेगरियन सुरू झाल्यापासून, १० दिवसांचा, १७०० च्या मार्चपासून ११, १८०० च्या मार्चपासून १२ आणि १९०० च्या मार्चपासून १३ दिवसांचा. तारीख बदलायची नसेल तर नका बदलू, रूढ तारीखच ठेवा. पण रकान्यात ‘ज्यु.’ लिहा.

शिवकालाला हे फार लागू पडतं. शिवजन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१. इसवी सन काढायला शकात चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९ मिळवायचे, म्हणून १६३०. रूढ १९ फेब्रुवारी ही ज्युलियन तारीख आहे. ग्रेगरियन १ मार्च येते. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४, तोही ज्युलियनच. इथे मिळवायचे ७८. सवयीनं ७९ मिळवले की वर्ष चुकतं. तिथी मूळ नोंदीत असेल तर वहीत आधी तिथीच उतरवा, तारीख तिच्याशेजारी.

फळ्यावर पाच-सहा ओळी पुरे, एका ओळीत फार तर बारा शब्द. निदान एक नोंद आपल्या जिल्ह्याची असावी. ती शोधायला वेळ लागतो, पण वाचणारे तिथेच थांबतात. एकमेकांवरून न उतरवलेल्या दोन ठिकाणी तारीख जुळली तरच नोंद फळ्यावर जाऊ द्या.

२९ फेब्रुवारीचं पान चार वर्षं बंद ठेवू नका. मोरारजी देसाई यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. इतर वर्षी ती नोंद २८ तारखेला घ्या आणि ओळीतच खरी तारीख लिहा.