पत्रिका देखणी होती, पण कार्यालय सापडलं नाही

बी.कॉम. झाल्यावर मिरजेत एका डीटीपीच्या, म्हणजे छपाईचा मजकूर संगणकावर मांडून देणाऱ्या, दुकानात कामाला लागले, तेही ऐन लग्नसराईच्या तोंडावर. काम साधं होतं: मजकूर टाइप करायचा, कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायचा, गिऱ्हाइकाला प्रूफ, म्हणजे तपासायची नमुनाप्रत, दाखवायचं. महिन्याभरानं मालकांनी पहिली अख्खी लग्नपत्रिका माझ्यावर सोपवली आणि मी जीव ओतला. गडद मरून कागद, सोनेरी फॉईल, दुकानातला सगळ्यात वेलबुट्टीदार फाँट. गिऱ्हाईक खूश, मीही खूश.

लग्न उरकल्यावर नवरीचे काका दुसऱ्या कामासाठी दुकानात आले. म्हणाले, "पत्रिका लई देखणी झाली बघा. फक्त निम्मे पाहुणे दुसऱ्याच कार्यालयात उतरले."

गावात एकाच नावाची दोन मंगल कार्यालयं. आपलं कोणतं, हे सांगणारी पत्त्याची ओळ मी सगळ्यात बारीक ठेवली होती. त्यात फॉईलचा स्वभाव असा की नाजूक अक्षराच्या पोटात ती भरून बसते. 'ष' आणि 'क्ष' यांचे नुसते सोनेरी ठिपके झाले होते.

मालक ओरडले नाहीत. त्यांनी जुन्या पत्रिकांचा गठ्ठा काढायला लावला. "वाचू नकोस. डोळे बारीक करून नुसती बघ आणि पहिलं काय दिसतंय ते सांग." आजही नवीन कुणी शिकायला आलं की मी हेच करायला लावते. डोळे किलकिले केले की अक्षरं पुसट होतात आणि उरतात ते गडद-फिके डाग. त्या डागांतला सर्वांत ठळक डाग म्हणजे बघणाऱ्याला तुम्ही पहिल्यांदा सांगितलेली गोष्ट. माझ्या पत्रिकेत पहिला दिसायचा गणपती, मग कलश, मग भलामोठा 'शुभविवाह'. नवरा-नवरी चौथ्या नंबरला. तारीख, मुहूर्त, ठिकाण तर त्या सोन्यात कुठंतरी विरघळलेलं. "शुभविवाह एवढं मोठं कशाला? पत्रिका हातात पडल्यावर कुणाला बारसं वाटणार आहे का?" मालकांचं हे वाक्य मी कित्येक गिऱ्हाइकांना ऐकवलंय.

तर मांडणीला हात लावायच्या आधी कागदावर लिहून काढा: वाचणाऱ्याला पहिलं काय कळायला हवं, दुसरं काय, तिसरं काय. पत्रिकेत तीनच गोष्टी: कुणाचं, कधी, कुठं. बाकी सगळं त्यांच्या मागं. गिऱ्हाईक म्हणेल सगळंच मोठं करा. सगळं मोठं केलं की मोठं काहीच उरत नाही, हे तोंडानं सांगून पटत नाही. दोन्ही प्रूफं काढून समोर ठेवायची.

खरी परीक्षा असते ती नावांची. निमंत्रक, आजोळ, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, आणि शेवटी 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' म्हणणारी अर्धा डझन पोरं. एका पत्रिकेत मी 43 नावं मोजली होती. यातलं एकही लहान-मोठं करता येत नाही. धाकट्या काकांचं नाव एक पॉइंट (अक्षराच्या आकाराचं माप) बारीक दिसलं तर मांडवात रुसवा ठरलेला. मग हातात उरते फक्त मोकळी जागा. दोन नावांमधल्या अंतरापेक्षा दोन गटांमधलं अंतर निदान दुप्पट ठेवलं की रेघ न मारता, चौकट न टाकता आजोळ वेगळं होतं, घरचे वेगळे होतात. जवळजवळच्या गोष्टींना डोळा आपसूक एक कुटुंब समजतो. माक्स वेर्थायमर या जर्मनीतल्या मानसशास्त्रज्ञानं 1923 साली नुसते ठिपके मांडून हेच दाखवलं होतं. मला हे पुढं कधीतरी वाचायला मिळालं. तोवर काका-मामांनी शिकवून ठेवलं होतं.

नवखी मंडळी मोकळ्या जागेला घाबरतात. कोपरा रिकामा दिसला की लगेच फूल. गिऱ्हाइकालाही वाटतं, कागदाचे पैसे दिलेत तर कागद भरलेला हवा. माझं सरळ मत आहे: पत्रिकेतली निम्मी फुलं डिझायनरच्या भीतीतून उगवलेली असतात.

फरक करायचा तर ठसठशीत करा. एक ओळ 14 पॉइंट आणि दुसरी 15 असली की ती चूक वाटते. 11, 18, 32 अशा ढांगा टाका. इंग्रजीवाल्यांकडे कॅपिटल अक्षरं असतात, आपल्या लिपीत ती सोय नाही. त्यामुळे उठाव आणायचा तो आकार, जाडी, रंग आणि जागा यांतूनच. फाँट एक, फार तर दोन.

आता जे बहुतेक इंग्रजी व्हिडिओंत सापडत नाही ते. तिथं शिकवतात, शीर्षकाच्या अक्षरांतलं अंतर वाढवा, ऐटदार दिसतं. देवनागरीत ते केलंत की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. आपल्याकडे अख्खा शब्द एका दोरीवर वाळत घातलेला असतो, ती दोरी कापायची नाही. ओळींमधलं अंतरही इंग्रजीच्या हिशेबानं चालत नाही. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी किंवा रफार एकमेकांत घुसतात. 'दुर्गामूर्ती' आणि 'कर्तृत्व' हे शब्द खाली-वर ठेवून बघा. मी 12 पॉइंटच्या मजकुराला 18 च्या आसपास अंतर देते. शिवाय आपला 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा हवा. राज्य सरकारनं 2009 मध्ये तसा शासननिर्णयही काढलाय, पण बऱ्याच फाँटमध्ये हिंदी वळणाची अक्षरं येतात. काही युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या प्रमाण पद्धतीच्या) फाँटमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की आपले आकार येतात. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेनं केलेले 'मुक्त' आणि 'बलू' हे फाँट फुकट मिळतात, सुरुवातीला तेवढे पुष्कळ झाले. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत टाइप केलेला मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये टाकला की त्याची खिचडी होते. ते झालं की घाबरू नका, कन्व्हर्टर असतात. फक्त नंतर जोडाक्षरं एकेक करून तपासा.

रंगाबद्दल थोडकंच. पडद्यावरचा झगझगीत निळा छापून आला की जांभळट होतो, कारण पडदा उजेडाचे रंग दाखवतो आणि छपाई चार शाईंची असते. 2000 हँडबिलं जांभळी झाल्यावर मी हे शिकले. पैसे पगारातून कापले गेले, त्यावर आणखी काय बोलणार! तुम्ही पहिले काही महिने फक्त काळ्यात काम करा. काळ्या-पांढऱ्यात जी मांडणी उभी राहत नाही, तिला सोनेरी रंग वाचवत नाही.

सरावासाठी क्लासचे पैसे भरायची घाई नको. घरात पत्रिका येतच असतात. त्यातली एक घ्या, तोच मजकूर एकाच फाँटमध्ये, तीन आकारांत, नुसत्या काळ्या रंगात नव्यानं मांडा. कोरल नसेल तर इंकस्केप फुकट आहे. प्रिंट काढून भिंतीला चिकटवा आणि सहा फुटांवरून बघा. पडद्यावर झूम करून बघितलेलं सगळंच छान दिसतं, तो धोका ओळखा. जुनी नाटकांची जाहिरात मिळाली तर नाटकांची नावं रेखाटणारे कमल शेडगे यांची अक्षरं नीट न्याहाळा. नाटकाचा बाज नुसत्या नावाच्या वळणातून कळतो.

आता माझं स्वतःचं छोटं दुकान आहे. पत्रिका प्रेसला जायच्या आधी एक प्रिंट शेजारच्या आजींकडे जाते. चष्मा न लावता वाचायचं, एवढीच अट. परवा त्यांनी हात लांब करून पत्रिका धरली. नवऱ्याचं नाव वाचलं, नवरीचं वाचलं, तारीख सांगितली, कार्यालय आणि त्याच्या समोरचा पेट्रोल पंपही सांगितला. मी मनातल्या मनात खूश. तेवढ्यात पत्रिका उलटीपालटी करत म्हणाल्या, "अगं पण, जेवण किती वाजता?"

ती ओळ होती. मुहूर्ताखाली, सगळ्यात बारीक.