यूके: जुनी स्पोर्ट्स कार, गरम झाली की दुसरा गिअर खरखरतो, डीलर ऐकत नाही

थंड असताना गाडी मस्त, पण वीसेक मिनिटं चालवली की तिसऱ्यावरून दुसऱ्यात टाकताना खर्रकन आवाज आणि लिव्हर हाताला झटका देतो. स्वखर्चाने गिअर ऑइल बदललं, फरक शून्य. डीलरला रोज फोन, उत्तर एकच, "जुनी गाडी आहे, असंच चालायचं". अक्षरशः रडकुंडीला आलो होतो.

शेवटी आधी दुसऱ्या गॅरेजकडून लेखी रिपोर्ट घेतला (सिंक्रो, म्हणजे गिअर अलगद बसवणारा भाग, गेलेला), मग ओडोमीटरचा फोटो काढून गाडी चालवणं बंद, आणि गाडी घेतल्यापासून 22व्या दिवशी डीलरला ईमेल केला की कन्झ्युमर राइट्स ॲक्ट 2015 खाली गाडी रिजेक्ट करतोय, पूर्ण पैसे परत द्या. 30 दिवसांच्या आत "रिजेक्ट" हाच शब्द लिहा, "रिपेअर" नको. डिपॉझिट क्रेडिट कार्डवर होतं म्हणून सेक्शन 75चा (कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट 1974, यात कार्ड देणारी बँकही विक्रेत्याइतकीच जबाबदार) क्लेम बँकेत टाकला, त्याची कॉपी डीलरला. तो कबूल झाल्यापासून 14 दिवसांत सगळे पैसे आले.