घरच्या घरी सागवानी पांगुळगाडा कसा करावा

तीन चाकं, दोन उभे खांब आणि हाताशी धरायला एक आडवा दांडा. पांगुळगाड्यात याहून फारसं काही नसतं. तरीही ज्यांना सुतारकामाचा छंद लागला आहे, पाट-फळ्या करून झाल्या आहेत, त्यांनी पुढचं काम म्हणून तोच घ्यावा असं मी आग्रहानं सांगेन. खुर्ची-टेबलाला लागतो तो सांधा इथे शिकता येतो आणि खेळण्याला लागते ती गोलाई आणि गुळगुळीतपणाही. वापरणारं माणूस जेमतेम वर्षाचं असतं. ते दांड्यावर सगळा भार टाकतं, दांडा चावतं, गाडा भिंतीवर आदळतं. इतकी कसून परीक्षा दिवाणखान्यातल्या टेबलाचीसुद्धा होत नाही.

आधी तोल समजून घ्या

तीन चाकांना कारण आहे. सारवलेली जमीन कधीच सपाट नसायची. तीन टेकू उंचसखल जमिनीवरही एकदम टेकतात, चौथा आला की एखादा अधांतरी राहून गाडा डुगडुगतो. पण तीन चाकांचा गाडा बाजूला कलंडायची भीती जास्त, म्हणून मागची दोन चाकं एकमेकांपासून लांब हवीत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दांड्याची जागा. मूल उभं राहताना दांड्याला लोंबकळतं. दांडा मागच्या चाकांच्या बरोबर वर किंवा त्याच्याही मागे असेल, तर गाडा पुढून उचलला जातो आणि मुलाच्या अंगावर येतो. दांडा मागच्या चाकांच्या आसापासून चांगला पंधराएक सेंमी पुढे हवा, म्हणजे भार तिन्ही चाकांच्या आत पडतो. मग मुलाचे पाय कुठे जाणार? चाकांच्या मधे. त्यामुळे मागचा भाग मोकळा ठेवायचा आणि मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा आस द्यायचाच नाही. प्रत्येक चाकाला आपापला बोल्ट. विकतचा गाडा घेतानाही आधी हेच पाहावं.

लाकूड

सांगाड्याला जुनं सागवान उत्तम. जुन्या वाड्यांच्या चौकटी-तुळया विकणाऱ्या वखारी बहुतेक शहरांत असतात. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास विचारावं. वर्षानुवर्षं वाळलेलं हे लाकूड पावसाळ्यात फुगून सांधे बिघडवत नाही. मात्र जुना रंग असलेला तुकडा घेऊ नका. पूर्वीच्या तेलरंगांत शिसं असायचं, आणि तो रंग घासताना त्याची धूळ घरभर होते. खिळे राहिलेत का तेही चाचपून पाहा, नाहीतर रंध्याचं पातं जायचं.

सागवान परवडत नसेल तर शिवण घ्या. हलकं, रंध्याला मऊ आणि आकार धरून राहणारं लाकूड आहे. आंबा स्वस्त, पण त्याला भुंगा लवकर लागतो, आणि भुंग्याविरुद्ध औषध मारलेलं लाकूड मुलाच्या तोंडाशी नको. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं ज्या पांगाऱ्याची होत आली, ते लाकूड फार हलकं आणि मऊ. फळांना शोभतं, भार घेणाऱ्या खांबाला चालत नाही. प्लायवूड आणि एमडीएफ तर नकोच; कडा सोलवटतात आणि मूल त्या चघळतं.

सालीजवळचा पांढरट भाग आणि गाठी टाळून हे तुकडे काढा:

- बाजूच्या पट्ट्या २: लांबी ५५ सेंमी, उंची ५, जाडी ३
- आडव्या पट्ट्या २: लांबी ३६, रुंदी ५, जाडी ३
- पुढच्या चाकाच्या दोन बाजूंना येणारे तुकडे २: लांबी १३, ३ × ३
- उभे खांब २: लांबी ४०, ४ × ३
- दांडा १: लांबी ३६, २.५ सेंमी व्यासाचा
- चाकांसाठी १ सेंमी जाडीचे, ११ सेंमी बाजूचे चौरस ६
- तिरप्या पट्ट्या २: साधारण ४० लांब, ३ × २, नेमकं माप जागेवर घ्या

हत्यारं मोजकी लागतात: करवत, रंधा, १२ मिमीची पटाशी, लाकडी हातोडा, काटकोन तपासायचा गुण्या, कानस, ड्रिल, दोन-चार क्लॅम्प आणि धार लावायचा दगड. पटाशीला धार नसेल तर काम सुरूच करू नका. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते. दोन्ही हात नेहमी पात्याच्या मागे.

सांधे

प्रत्येक तुकड्याची एक बाजू आणि एक कड आधी रंध्यानं सरळ करून गुण्यात आणा, त्यांवर पेन्सिलीनं खूण करा आणि पुढची सगळी मापं त्याच बाजूंवरून घ्या.

सांधा एकाच प्रकारचा आहे: एका तुकड्यात चौकोनी भोक, दुसऱ्याच्या टोकाला त्यात बसणारं कुसू. कुसवाची जाडी १२ मिमी ठेवा, म्हणजे भोक पटाशीच्याच रुंदीचं होतं. आडव्या पट्ट्या आडव्या निजवायच्या. त्यांचं कुसू ४ सेंमी रुंद आणि ३ सेंमी लांब, बाजूच्या पट्टीच्या आरपार जाणारं. पहिली आडवी पट्टी पुढच्या टोकापासून ३ सेंमी सोडून, आणि तिच्यामागे १३ सेंमी मोकळी जागा सोडून दुसरी. खांब बाजूच्या पट्टीच्या वरच्या कडेत बसतात, पुढच्या टोकापासून ३५ सेंमीवर. त्यांचं कुसू ३ सेंमी रुंद आणि ४ सेंमी लांब, भोक त्याहून किंचित खोल.

भोक आधी पाडा, कुसू नंतर करा. भोक मोठं झालं तर लहान होत नाही. कुसू मात्र जाड ठेवून थोडं थोडं तासता येतं. आरपार भोक अर्धं एका बाजूनं आणि अर्धं दुसऱ्या बाजूनं पाडायचं, म्हणजे बाहेरच्या कडेचे टवके उडत नाहीत. कुसू कापताना करवत रेघेच्या टाकाऊ बाजूला चालवा, रेघ शिल्लक राहू द्या. हाताच्या दाबानं आत जाणारं आणि उचलल्यावर न गळणारं कुसू बरोबर बसलं असं समजा. हातोड्यानं ठोकून घालावं लागत असेल तर थांबा, पट्टी फुटेल.

इथे घाई करू नये. एक सांधा जमायला अख्खी दुपार गेली तरी ती वाया जात नाही, दुसरा सांधा निम्म्या वेळात होतो. टाकाऊ तुकड्यांवर आधी दोन-तीन सांधे करून पाहिलेत तर फारच उत्तम.

दांडा आणि चाकं

दांड्यासाठी २.६ सेंमीची चौकोनी पट्टी घ्या. चारही कोपरे रंध्यानं उडवून ती अष्टकोनी करा, मग पुन्हा कोपरे उडवा, शेवटी पॉलिश पेपरच्या पट्टीनं गोल करा. याहून जाड दांडा लहान मुठीत मावत नाही. खांबांच्या वरच्या टोकापासून २ सेंमीवर मध्य धरून २५ मिमीची भोकं पाडा. चाकं लागल्यावर दांडा जमिनीपासून सुमारे ४२ सेंमीवर येतो. नुकतं उभं राहू लागलेल्या बहुतेक मुलांना ही उंची चालते. शंका असेल तर खांब कापण्याआधी मूल मोजून घ्या.

चाक एकाच जाड फळीचं कापलं तर ते लाकडाच्या रेषेवर दुभंगतं. म्हणून दोन पातळ चौरस एकमेकांवर असे चिकटवा की एकाच्या रेषा उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या येतील. फेविकॉल लावून रात्रभर क्लॅम्पमधे ठेवा. मग मध्यावर साडेआठ मिमीचं भोक पाडा आणि तोच मध्य धरून १० सेंमी व्यासाचं वर्तुळ आखा. आधी वर्तुळ कापून मग मध्य शोधायला गेलं की चाक लचकत चालतं. बारीक करवतीनं रेघेबाहेरून कापून कानशीनं गोल करा.

जोडणी

फेविकॉल लावण्याआधी सगळा सांगाडा एकदा कोरडा जोडून पाहा. समोरासमोरचे कोपरे तिरपे मोजा. दोन्ही मापं सारखी आली तर सांगाडा गुण्यात आहे. मगच डिंक लावा, क्लॅम्प कसा आणि एक रात्र हात लावू नका. दांडा याच वेळी दोन खांबांमधे अडकवायचा. प्रत्येक खांबाच्या वरच्या भागापासून खाली पुढे बाजूच्या पट्टीपर्यंत तिरपी पट्टी आतल्या बाजूनं स्क्रूनं बसवा. स्क्रूची डोकी लाकडाच्या आत दबलेली हवीत. मूल दांडा पुढे ढकलतं तो सगळा ताण ही पट्टी घेते.

पुढचं चाक दोन आडव्या पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेत येतं. त्याच्या दोन्ही बाजूंचे १३ सेंमीचे तुकडे डिंक आणि दोन्ही टोकांना दोन-दोन स्क्रू लावून बसवा. मागच्या चाकांचे बोल्ट बाजूच्या पट्टीच्या मागच्या टोकापासून ४ सेंमीवर, उंचीच्या बरोबर मध्यावर.

८ मिमीचे बोल्ट आणि नायलॉक नट घ्या. ते आपोआप सैल होत नाहीत. मागच्या चाकांच्या बोल्टचं डोकं बाहेर ठेवा आणि नट आतल्या बाजूला २२ मिमी व्यासाच्या, १२ मिमी खोल खळग्यात बसवा, म्हणजे मुलाचा पाय खरचटणार नाही. बोल्टचं उरलेलं टोक कापून कानशीनं गोल करा. चाक आणि पट्टी यांच्यामधे चामड्याचा वॉशर घाला. नट कसला की हाच वॉशर ब्रेकसारखा काम करतो. सुरुवातीला चाकं इतकी कसा की हलक्या धक्क्यानं गाडा पळणार नाही, मूल सरावलं की थोडी सैल करा. चाकाची बाजू आणि तिच्या शेजारचं लाकूड यांच्यातली फट ५ मिमीपेक्षा कमीच असू द्या; त्याहून मोठ्या फटीत चिमुकलं बोट जाऊन अडकतं.

शोभेसाठी मणी, घुंगरू लावायचा मोह होतो. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यासाठी कसोटी अशी आहे: ३१.७ मिमी व्यासाच्या नळीत मावेल असा कुठलाही सुटा होणारा भाग नको. त्यापेक्षा लहान काही लावूच नका.

घासणी आणि पॉलिश

सगळ्या कडा बोटाला गोल लागेपर्यंत घासा. पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, २२० या क्रमानं आणि नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेनं. सागवानाची धूळ घशाला झोंबते, मास्क लावा. मग ओल्या फडक्यानं सगळा गाडा पुसून वाळू द्या. मऊ झालेले तंतू उभे राहतील आणि हाताला खरखर लागेल. २२० नं पुन्हा घासा आणि हे आणखी एकदा करा. हे आत्ता केलं नाही तर तेच काम मुलाची लाळ करते आणि दांडा पुन्हा खरखरीत होतो.

पॉलिशसाठी मी चपडा लाख, म्हणजे पातळ पापुद्र्यांची लाखच सुचवेन. अर्धा लिटर स्पिरिटमधे साधारण ७५ ग्रॅम चपडा रात्रभर भिजवून गाळून घ्या. सुती फडक्यानं पातळ हात द्या, मधे हलकं घासा, असे चार-पाच हात. स्पिरिट उडून जातं, मागे फक्त लाख उरते. मूल हातात घेईपर्यंत आठवडाभर वाळू द्या. जवसाचं तेल लावायचं असेल तर कच्चं घ्या. रंगाच्या दुकानातल्या उकळलेल्या तेलात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. आणि जवस तेलाची फडकी चुरगाळून ठेवू नका, ती आपोआप तापून पेटू शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. चाकांना लाल-पिवळा रंग हवाच असेल तर डबा नवा घ्या. २०१७ पासून आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) आहे, जुन्या पडून राहिलेल्या डब्याचा भरवसा नाही.

मुलाच्या हाती देताना

बसकं असलेल्या वॉकरवर कॅनडानं २००४ मध्ये बंदी घातली, कारण मूल त्यात बसून वेगानं जिन्यापर्यंत पोहोचतं. पांगुळगाड्यात मूल स्वतःच्या पायांवर उभं असतं, हा मोठा फरक आहे. तरी मूल आधार धरून आपणहून उभं राहू लागल्यावरच गाडा द्या. जिना, उंच उंबरा आणि ओली फरशी यांपासून तो लांब ठेवा आणि मोठं माणूस जवळ असू द्या. देण्याआधी दांड्यावर मागच्या बाजूनं स्वतः जोरात दाबून पाहा. पुढचं चाक उचललं जात असेल तर गाडा तयार झालेला नाही, पुढच्या आडव्या पट्टीखाली लाकडाचा आणखी एक जड तुकडा स्क्रूनं बसवा आणि पुन्हा तपासा. महिन्यातून एकदा नट आणि तिरप्या पट्ट्यांचे स्क्रू कसा, आणि दांडा चघळून पांढरा पडला की तेवढ्या भागाला लाखेचे दोन हात पुन्हा द्या.