४८ टीमच्या फुटबॉल वर्ल्डकपचं टेबल कसं मांडायचं
जुना ३२ टीमवाला तक्ता भिंतीवर लावू नका भाऊ, तो आता चालतच नाही. १९९८ ते २०२२ हिशोब सरळ होता, ८ ग्रुप, प्रत्येकातून २ वर, झाले १६. २०२६ ला ४८ टीम म्हणजे ४-४ चे १२ ग्रुप, २-२ घेतले तर २४, आणि २४ अर्धे करत गेलं की १२, ६, ३, इथं गाडी अडते. म्हणून ३२ करायला अजून ८ लागतात, त्या तिसऱ्या नंबरवाल्यांतून.

तर १२ टेबल आखा आणि शेजारी तेरावं फक्त तिसऱ्या नंबरवाल्यांचं. खरी मजा यातच आहे, आधी पॉइंट बघा, सारखे असले तर गोल फरक (केलेले वजा खाल्लेले), मग केलेले गोल, वरचे ८ आत, खालचे ४ घरी. पोर्तुगालने २०१६ चा युरो (युरोपातल्या देशांचा कप) असाच, ग्रुपमधल्या तिन्ही मॅच ड्रॉ करून तिसऱ्या नंबरवरून पुढे येऊन जिंकला!

मॅच किती? ग्रुपच्या ७२, नॉकआउटच्या ३२, एकूण १०४. आधी ६४ होत्या.

जळगाव-धुळ्याकडे कोणी ८ ची टुर्नामेंट १२ टीमची करत असेल तर ४-४ चे ३ ग्रुप करा, २-२ आणि तिसऱ्यांतले चांगले २ घ्या, क्वार्टर फायनल बरोबर लागते. ३-३ चे ग्रुप नकोच, शेवटच्या मॅचला एक टीम बाहेर बसते आणि बाकीच्या दोघी सेटिंग करू शकतात, वर्ल्डकप भरवणाऱ्या फिफानेही २०२६ साठीचा तो प्लॅन २०२३ ला सोडला. ग्रुपच्या शेवटच्या दोन्ही मॅच एकाच वेळी लावा, दुसरं ग्राउंड नसेल तर शाळेचं मागून घ्या.