परदेशातनं पोरगं कोकणात कायमचं राहायला येतंय? पहिले तीन-चार आठवडे घरच्यांनी काय करायचं

माझा भाऊ, वहिनी आणि त्यांचा साडेसहा वर्षांचा मुलगा मे अखेरीस न्यू जर्सीहून कायमचे घरी आले. घर म्हणजे रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडला की पावसच्या वाटेवर, कौलारू, पुढे पडवी आणि मागे आगर. पोरगा जन्मला-वाढला तिकडेच, इथे आधी दोनदा आला होता पण ते सुट्टीपुरतं, आणि सुट्टीला येणं वेगळं, राहायला येणं वेगळं, हे आम्हाला तो आल्यावर कळलं. आईबाप सामान, बँक, शाळा या गडबडीत असतात, त्यामुळे पहिले दिवस पोराला खरं बघतात ते आजी-आजोबा, काका, आत्या. म्हणून मी हे घरच्या माणसांसाठी लिहितेय.

बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल पण एक लक्षात ठेवा, त्याला पाहुणा करू नका. पाहुण्याला आपण खुर्चीवर बसवतो, सारखं खा खा करतो आणि आल्या-गेल्याला दाखवतो, आणि मग ते पोर मनातल्या मनात परत जायचे दिवस मोजत बसतं. त्याला घरातलं एक काम द्या, खरंखुरं, जे त्याने केलं नाही तर कोणाचं तरी अडेल असं.

आमच्याकडे हे आपोआप झालं, जेट लॅगमुळे. न्यू जर्सी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, म्हणजे पोराच्या दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस. पहिले तीन-चार दिवस तो रात्री दोनला टक्क जागा, पाचला भूक भूक, आणि दुपारी जेवता जेवता पाटावरच आडवा. तिसऱ्या दिवशी पहाटे बाबा फुलं काढायला निघाले तर हा पडवीत बसलेला, त्यांनी काही न बोलता परडी त्याच्या हातात दिली. तगर, अनंत, जास्वंद. जास्वंदीचं फूल देठासकट कसं काढायचं, कळी का सोडायची, हे त्यांनी एकदाच दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून देवाची फुलं ही त्याची जबाबदारी, आणि एक दिवस तो झोपून राहिला तर बाबांनी खरंच पूजा थांबवली, आठ वाजेपर्यंत. ते बघून पोराचा चेहरा जो काय झाला तो मी विसरणार नाही, आपल्यावाचून या घरात काहीतरी थांबतं हे त्याला कळलं.

जेट लॅगचं म्हणाल तर ढोबळमानाने जितक्या तासांचा फरक तितके दिवस धरा, म्हणजे आठवडा-दहा दिवस. सकाळचं ऊन सगळ्यात महत्त्वाचं, उठल्या उठल्या अंगणात न्या. दुपारी तासाभराने उठवा, रडलं तरी. रात्री जाग आली तर मोठा दिवा आणि मोबाईल नको, उशाशी केळं किंवा दूधभात ठेवा आणि कोणीतरी शेजारी गप्प पडून राहा. झोपेची गोळी-औषध डॉक्टरांना न विचारता देऊ नका.

मुंबईला उतरून त्याच दिवशी घाटातून गाडीने आणायचा आटापिटा करू नका, एक रात्र मुक्काम करा आणि ट्रेनने या. पण बोगद्यांचं आधी सांगून ठेवा, रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, दमलेल्या पोराला अचानक एवढा वेळ अंधार आणि तो आवाज म्हणजे घाबरायला होतं. वहिनीने त्याला आकडे मोजायला लावले आणि अंधारातनं बाहेर आल्यावर त्याला पहिली दिसली ती हिरवीगार झाडी.

भाषेचं. पोरांना मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत येतं, आणि आपली माणसं लगेच परीक्षा घ्यायला बसतात, मराठीत बोल की, ये रे ये रे पावसा म्हणून दाखव. हे कृपा करून बंद करा. नव्या भाषेत पडलेलं मूल बरेच दिवस नुसतं ऐकतं, कधी कधी आठवडेच्या आठवडे, त्याला येत नाही असं नसतं, ते साठवत असतं. आपण मराठीतच बोलायचं, सावकाश, आणि त्याने इंग्रजीत उत्तर दिलं तर त्याचंच मराठीत सहज म्हणून पुढे जायचं. आणि आपले लाडाचे शब्द समजावून सांगा. आमची आई त्याला प्रेमाने म्हणाली, अरे मेल्या इकडे ये, हा जागच्या जागी थिजला आणि रात्री हळूच मला विचारतो, आत्या, आजी मला डेड का म्हणाली? त्याला मेला म्हणजे मरण पावला एवढंच माहीत. मग आईनेच त्याला जवळ घेऊन सांगितलं की हा शब्द फक्त लाडक्या माणसाला मिळतो.

संडासाचा विषय लाजून टाळू नका. भारतीय पद्धतीच्या संडासावर बसायची सवय नसते, पायाला रग लागते, पाण्याने धुवायचं माहीत नसतं, मग मुलं दिवसदिवस दाबून धरतात आणि पोट दुखतं म्हणतात. आईबापाने किंवा ज्याची त्याला लाज वाटत नाही अशा माणसाने शिकवा, घाई न करता, आणि शाळेतला संडास शाळा सुरू व्हायच्या आधी एकदा दाखवून आणा.

खायला सुरुवातीला मऊ भात, तूप-मेतकूट, पेज, घावणे, आंबोळी, केळं. पाणी उकळलेलंच. मासे द्यायचे तर पापलेट किंवा सुरमई, बांगडा आणि तारली काटे काढता यायला लागल्यावर. (1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, तेव्हा ताजं कमीच मिळतं.) जुलाब झाले तर ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच, अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात नाही, आणि झिंक किती ते डॉक्टरांना विचारा.

औषधांत एक मोठी गफलत होते. तिकडे ज्याला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात तेच आपलं पॅरासिटामॉल, दोन्ही एकदम देऊ नका. तिकडच्या मुलांच्या सिरपमध्ये 5 मिलीत 160 मिलीग्रॅम असतं, आपल्याकडे 120 किंवा 125 चं मिळतं आणि 250 चंही, म्हणजे तोच एक चमचा पण औषध वेगळं. बाटली वाचा, आणि डॉक्टरांना वजन किलोत सांगा, 48 पौंड म्हणजे साधारण 22 किलो. लसींचं कार्ड दाखवून टायफॉइडची लस विचारा, ती अमेरिकेत सगळ्या मुलांना देत नाहीत.

आता कोकणातलं. विहिरीवर जाळी नसेल तर तो यायच्या आधी टाका. माडाखाली खेळायचं नाही. कुत्रं, मांजर, माकड चावलं किंवा नुसतं ओरबाडलं तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना, रेबीजच्या लसीचे सगळे डोस पूर्ण करायचे. पोरांना हेही सांगा की चावलं तर आम्ही तुला ओरडणार नाही, कारण ओरडा बसेल म्हणून मुलं लपवतात. कातळावर आणि गडग्यात, म्हणजे दगड रचलेल्या कुंपणात, हात घालायचा नाही, फुरसं हा विषारी साप असतो. साप चावला तर बांधणं, कापणं, मांत्रिक काही नको, पाय हलू न देता 108 ला फोन आणि सरकारी हॉस्पिटल, सापाच्या विषावरची लस तिथे मिळते. पावसात शेताच्या चिखलात अनवाणी सोडू नका, पायाला जखम असेल तर अजिबातच नको, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो, आणि ताप आला तर तो चिखलात खेळला होता हे डॉक्टरांना आपणहून सांगा. समुद्र पावसाळ्यात फक्त लांबून.

तिकडची विजेची वस्तू सरळ प्लगात घालू नका. तिकडे 120 व्होल्ट, इथे 230. पोराचा रात्रीचा चंद्राचा दिवा, ज्याच्याशिवाय तो कधी झोपला नव्हता, पहिल्याच रात्री ठप्प झाला, आणि सगळ्या प्रवासात न रडलेला मुलगा त्या दिव्यासाठी तासभर रडला. आधी वस्तूवरचे आकडे बघा.

शाळेला घाई नको. आमच्याकडे 15 जूनला सुरू झाली, आम्ही एक आठवडा सोडला, मग बाईंशी बोलून काही दिवस अर्धीच शाळा. महाराष्ट्रात 2020-21 पासून सगळ्या शाळांत मराठी सक्तीचं आहे, तेव्हा इंग्रजी माध्यम घेतलं तरी मराठी येणारच, बाईंना पहिल्याच दिवशी सांगा की त्याला वाचता येत नाही पण कळतं सगळं. आणि जन्मतारीख अक्षरात लिहा! तिकडे महिना आधी लिहितात, 11/08 म्हणजे 8 नोव्हेंबर, आमच्या फॉर्मवर 11 ऑगस्ट लागली आणि भावाला सुधारायला दोन फेऱ्या पडल्या.

सगळ्यात कठीण तिसरा आठवडा. नवलाई संपते, आंबे संपतात, पाऊस लागतो, लाईट जाते, आणि मग मूल विचारतं, आपण घरी कधी जायचं? अशा वेळी अरे हेच तुझं घर, इथे किती मज्जा, असं लगेच सुरू करू नका, त्याचं तिकडचं घर खरंच गेलंय आणि त्याला त्याबद्दल रडू द्या. आम्ही त्याला तिकडचं सांग म्हटलं, तर तो शाळेच्या पिवळ्या बसच्या पायऱ्या किती उंच होत्या ते सांगत बसला, आई नुसती ऐकत होती, त्याच्या पाठीवरून हात फिरवत. तिकडच्या मित्राशी व्हिडिओ कॉलचा वार आणि वेळ ठरवून टाका, तिथले शनिवार सकाळचे 10 म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात, नोव्हेंबर ते मार्च मात्र साडेआठ. पहिल्या कॉलला आमचा परडी घेऊनच बसला होता, मित्राला जास्वंद दाखवायला, पण ती संध्याकाळपर्यंत मिटलेली. आता आधी सकाळी फोटो काढून ठेवतो.